‘मुंबई हाताशी राहते’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात ठाण्याला भावाकडे सगळे जमलो होतो. भाचा चाळिशीला आलाय. कांदिवलीत भाड्याच्या घरात राहतो, काम बहुतेक घरूनच करतो. मुंबई सोडायची हे त्या दोघा नवरा-बायकोचं पक्कं झालंय. नाशिक की कोल्हापूर, एवढंच ठरायचं राहिलंय. पानं वाढून होईपर्यंत बाकीच्यांनी तेही ठरवून टाकलं. ‘नाशिकला जा रे, मुंबई हाताशी राहते.’ काका तेच म्हणाले, मेव्हणे तेच म्हणाले, शेजारून आलेल्या गृहस्थांनीही तेच सांगितलं. तासाभराच्या त्या बोलण्यात नाशिकच्या हवेबद्दल, पाण्याबद्दल, शाळांबद्दल, माणसांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. त्यांच्या लेखी नाशिकचा गुण एकच, तिथून निघालं की मुंबईला लवकर पोचता येतं.

मला त्या दिवशी राग आला आणि तो अजून गेलेला नाही. हेच वाक्य मी २०१९च्या उन्हाळ्यात रोज ऐकलं होतं. त्या जूनमध्ये आम्ही डोंबिवलीचं पंचवीस वर्षांचं बिऱ्हाड हलवून कोल्हापूरला आलो. माझं माहेर चिपळूणचं, नवऱ्याचं गाव खानदेशातलं. कोल्हापुरात आमचं रक्ताचं कुणी नव्हतं, आजही नाही. तेव्हा ‘तुमचं गावच आहे ते, तुम्हाला प्रेम असणारच’ असं म्हणून माझं बोलणं कुणाला बाजूला सारता येणार नाही.

समोरच्यांची बाजू आधी पूर्ण ताकदीनिशी मांडते. नाशिक मुंबईपासून १७० किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर पावणेचारशेच्या पुढे. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाचा ताप टळला. रेल्वेनं जायचं तर पंचवटी आहे, तपोवन आहे, राज्यराणी आहे. २०११च्या जनगणनेत नाशिक महापालिकेच्या हद्दीत जवळपास १५ लाख माणसं होती, कोल्हापूरच्या हद्दीत साडेपाच लाख. म्हणजे नाशिकला दवाखाने जास्त, दुकानं जास्त, संधी जास्त. घेतलेल्या घराला उद्या भाव येईल. शिवाय कोल्हापुरात पूर येतो. आणि मग आवाज थोडा खाली आणून शेवटचा मुद्दा निघतो, तिथली माणसं रांगडी, बोलणं तसलंच, आपल्यासारख्यांचं तिथे जमायचं नाही.

मुंबई हाताशी हवी, ती वर्षातून किती वेळा जाण्यासाठी? गेल्या वर्षी मी चार वेळा गेले. दोन लग्नं, एक तेरावा आणि डोंबिवलीच्या जुन्या सोसायटीचं एक कागदपत्रांचं काम. चारही वेळा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. रात्री जेवून कोल्हापुरात गाडीत बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. दिवसाचा एक तास त्यात खर्च होत नाही. या चार खेपा सोप्या व्हाव्यात म्हणून वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस कुठे काढायचे ते ठरवायचं का? घर आपण कुठे राहायचं म्हणून घेतो की कुठे निघायचं म्हणून?

आणि ज्याला दर आठवड्याला, किंवा रोजच, मुंबईला जावं लागतं त्याचं काय? त्याचं उत्तर माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला दिलंय. २०१७मध्ये त्यानं गंगापूर रोडला घर घेतलं, नोकरी फोर्टातच ठेवली आणि पंचवटीचा पास काढला. पहाटे पाचला उठायचं, नाशिक रोड गाठायचं, सातच्या सुमाराची गाडी. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला पुन्हा सीएसएमटी, रात्री दहाच्या पुढे घर. गाडीतली मंडळी फार चांगली, एकमेकांना सांभाळणारी, वर्षानुवर्षं एका डब्यातून जाणारी. पंचवटी १९७५पासून धावतेय आणि तिच्या पासधारकांनी पोटासाठी जे सोसलंय त्याबद्दल मला आदरच आहे. पण पाच वर्षांनंतर त्या सहकाऱ्याला नाशिकमधलं काय ठाऊक होतं? स्टेशनबाहेरचा गाड्या लावायचा तळ आणि रविवारची भाजी. नाशिकला त्याची बायको राहायला गेली. तो गेलाच नाही. त्याच्या वाट्याची डोंबिवली लोकल फक्त सव्वाशे किलोमीटरनं लांबली.

रस्त्याचंही तेच. इगतपुरीपासून आमण्यापर्यंत गाडी सुसाट येते हे खरं. आमण्याला खाली उतरलं की पुढे भिवंडी आणि ठाणं तिथेच उभं आहे. ते अंतर कापायला किती वेळ लागतो हे ठाण्यात बसून सल्ला देणाऱ्यांना मी सांगायला हवं?

आता आजारपण. हा मुद्दा लोक सर्वांत गंभीर चेहऱ्यानं मांडतात, म्हणून मीही त्याला तेवढ्याच गांभीर्यानं उत्तर देते. ‘काही झालंच तर मुंबईला हलवता येतं.’ काही होतं म्हणजे काय होतं? मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातच माणसाला उचलून नेणं आलं, तपासणी आली, सीटी स्कॅन आलं. हृदयविकाराच्या झटक्यात तर मिनिटं मोजतात. अशा वेळी १७० किलोमीटरही लांब आणि पावणेचारशेही लांब. उपयोगी पडतो तो पंधरा मिनिटांवरचा डॉक्टर. आमच्या सासऱ्यांना झटका आला तेव्हा आम्ही ‘मुंबईतच’ होतो. डोंबिवलीतल्या दवाखान्यानं मोठ्या रुग्णालयात न्या म्हणून सांगितलं आणि रुग्णवाहिका शिळफाट्याच्या कोंडीत पाऊण तास अडकली. भोंगा वाजत होता, पुढचे ट्रक हलायला जागाच नव्हती. ते वाचले नाहीत. मोठी रुग्णालयं आमच्यापासून तीस-चाळीस किलोमीटरवर होती, आणि त्या संध्याकाळी ती कुठल्याही परगावाइतकीच लांब होती.

कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयं आहेत, अँजिओप्लास्टी रोज होतात. पन्नास किलोमीटरवर मिरज आहे. डॉ. वॉनलेस यांनी १८९०च्या दशकात तिथे रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून त्या गावाची ओळखच दवाखान्यांचं गाव अशी आहे. ज्या शस्त्रक्रियेची तारीख दोन महिने आधी ठरते तिच्यासाठी मुंबईला जायचं तर रात्रीची गाडी आहेच. मग ‘हाताशी’ असण्यानं नेमकं कोण वाचतं?

मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच. हे वाक्य नाशिकचा अपमान करतं. नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४०मध्ये सुरू झालं. नोटा आणि मुद्रांक छापणारे कारखाने तिथे १९२०च्या दशकात आले, ओझरला विमानं बनतात, सातपूर-अंबडच्या वसाहतींनी दोन पिढ्यांना काम दिलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तिथे १९८९पासून आहे आणि शिक्षण सुटलेल्या किती बायकांनी घरात बसून तिथून पदव्या घेतल्या असतील! कुसुमाग्रज त्या गावात राहिले, लिहिते राहिले. हिवाळ्यातली हवा अशी की कोल्हापूरकरानं मान्य करावं. भाचा यातल्या एखाद्या गोष्टीसाठी नाशिकला गेला तर मी स्वतः त्याच्या घरभरणीला जाईन. वाचनालयासाठी जा, द्राक्षाच्या बागेसाठी जा, कारखान्यातल्या कामासाठी जा, गोदाकाठच्या गल्ल्या आवडल्या म्हणून जा. पण ज्या शहरानं स्वतःचं एवढं उभं केलंय त्याला मुंबईची मागची खोली समजायचं, ही कुठली रीत?

आणि मागची खोली समजून येणारी माणसं येतात तेव्हा त्या शहराचं काय होतं ते बघावं. गंगापूर धरणाच्या आणि त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला जाऊन बघा. शनिवारी दिवे लागणारी घरं, सोमवारी कुलूप. डॉक्टर मुंबईचा, सीए मुंबईचा, मुंज-लग्नाचा हॉल मुंबईचा. मतदार यादीतलं नावसुद्धा मुंबईतच. ही शेवटची गोष्ट मला फार लागते. मी अनेकांना विचारलंय, नवीन गावात जाऊन पाच-सात वर्षं झालेल्यांना. ‘नाव अजून तिकडेच आहे हो, हलवायचं राहिलंय.’ राहिलंय कसं? गॅसचं कनेक्शन पहिल्या आठवड्यात हलतं. ज्या गावाचं पाणी पिता, ज्याच्या रस्त्यावरून चालता, जिथला कचरा रोज कुणीतरी तुमच्या दारातून उचलतं, त्या गावाचा नगरसेवक कोण असावा हे तुम्हाला सांगायचं नाही आणि खड्ड्यांची तक्रार मात्र करायची?

पुराचा मुद्दा मी टाळणार नाही. सल्ला देणाऱ्यांचा हा हुकमी एक्का आहे आणि तो त्यांनी माझ्यावर टाकून झालाय. आम्ही जूनमध्ये आलो, ऑगस्टमध्ये २०१९चा महापूर आला. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. शाहूपुरी, नागाळा पार्क, बापट कॅम्प, सुतारवाडा, दुधाळी इथल्या घरांत पाणी शिरलं. उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे भोवती सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. आम्ही मंगळवार पेठेत भाड्यानं राहत होतो. तिथे पूर चढला नाही, पण कोरडे नळ आमच्याही घरात होते. डोंबिवलीहून रोज फोन. ‘सांगत होतो ना? आता तरी परत या.’

त्या आठवड्यात मी काय बघितलं ते सांगते. गल्लीच्या तोंडाशी तालमीची बोअर होती, तिच्यावर रात्रंदिवस पाणी सुरू होतं. मी नवखी, लांब उभी. सत्तरीच्या एक काकी पुढे झाल्या. ‘अगं, घागर आण की. लाजतीस काय?’ एवढंच त्यांचं माझं पहिलं बोलणं. तालमीच्या पोरांनी आधी म्हाताऱ्यांच्या घरी पाणी पोचवलं, मग बाकीच्यांच्या. पुराच्या भागातून आणलेल्या कुटुंबांसाठी गल्लीतल्या बायका रोज भाकऱ्या थापत होत्या. तिसऱ्या दिवशी मीही थापायला बसले. कुणी समिती नेमली नव्हती, कुणी यादी केली नव्हती. पाणी ओसरल्यावर हीच पोरं फावडी घेऊन दुधाळीकडे गाळ काढायला गेली.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी माझा नवरा ऑफिसातून निघाला आणि दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोचला. कल्याण-डोंबिवलीच्या खालच्या वस्त्या तेव्हाही बुडाल्या, नंतरही बुडाल्या. मुंबईकरांनी त्यानंतर मुंबई सोडली नाही. नाशिकमध्ये गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजायची पिढ्यांची सवय आहे. ही सवय पूर न येणाऱ्या गावाला लागते का? मग पूर फक्त कोल्हापूरच्याच नावावर कसा लिहिला जातो?

एक गोष्ट मात्र मी कोल्हापूरकरांनाही तोंडावर सांगते. पूररेषा नकाशावर आखलेली असते, निळी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या आणि होर्डिंगवर ‘नदीकाठचं निसर्गरम्य घर’ लिहून विकल्या गेल्या. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं ते याच घरांत. नवीन माणसाला हे कोण सांगतं? घर विकणारा सांगत नाही. सांगते ती गल्लीतली म्हातारी. ‘एकोणीसला इथपातूर पानी हुतं’ म्हणून भिंतीवर हात ठेवून दाखवते. म्हणून घर घेण्याआधी तिच्याशी बोलायला हवं. शहर सोडून पळायची गरज नाही, रेषेच्या आत घर घ्यायचं नाही.

आता ती दबक्या आवाजातली शंका. माणसं रांगडी. म्हणजे काय? कोल्हापुरात माणूस तुम्हाला पहिल्या भेटीत कुठले, काय करता, मुलं किती, इथे का आलात हे चारही प्रश्न विचारतो. आमच्याकडे याला चांभारचौकश्या म्हणतात आणि नाक मुरडतात. डोंबिवलीत आमच्या मजल्यावर चार दारं होती. पंचवीस वर्षांत एका दारामागच्या माणसाचं आडनाव मला पाटीवरून कळलं, तो गेला हे सोसायटीच्या फळ्यावरून. त्याला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. तो सभ्यपणा होता असं मी बरीच वर्षं मानत आले. आता मानत नाही.

भाषेचं तर बोलूच नये इतका तो आरोप क्षुद्र आहे. इथल्या बायका ‘मी येतो’, ‘मी गेलो’ म्हणतात. ठाण्याच्या त्या जेवणातही कुणीतरी या बोलण्याची नक्कल करून हसवलं. मला हसू आलं नाही. मराठी इथल्या बाईच्या तोंडात अशी वाढलीय, तिच्या आईच्या तोंडून आलीय. तिला हसण्याचा अधिकार पुण्या-मुंबईच्या मराठीला कुणी दिला? आज माझ्याही तोंडात कधीकधी ‘मी जातो’ येतं आणि ते मी दुरुस्त करत नाही.

गाव म्हणजे काय हे मला इथे पहिल्यांदा कळलं ते टोलच्या वेळी. ऑफिसच्या ऑडिटसाठी २०१४च्या सुरुवातीला तीन महिने मी इथे होते. शहरातल्याच रस्त्यांसाठी तीस वर्षं टोल बसवलेला आणि त्याच्याविरुद्ध सगळं शहर उठलेलं. आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात, गोविंद पानसरे ऐंशीच्या, आणि दोघंही रस्त्यावर. माझ्या लॉजच्या मालकापासून मंडईतल्या भाजीवालीपर्यंत प्रत्येकाला त्या करारातली कलमं ठाऊक होती. पुढे पानसरे यांचा खून झाला, तरी आंदोलन मोडलं नाही. टोल शेवटी सरकारला रद्द करावा लागला. मी कित्येक वर्षं मुलुंडच्या आणि ऐरोलीच्या नाक्यांवर टोल भरला. त्याचा करार कसा आहे हे मला ठाऊक नव्हतं, आमच्या इमारतीत कुणालाच नव्हतं. मोठं शहर माणसाला मोठं करतं असं म्हणतात. मग आम्ही एवढे गप्प कसे होतो?

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं, खासबाग मैदानाच्या अंगाला असलेलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. मी सकाळी गेले तेव्हा फाटकाशी नट होते, पडदा ओढणारे होते, चहावाले होते, आणि ज्यांनी आयुष्यात दोन-चारच नाटकं बघितली असतील अशी कितीतरी माणसं होती. बरेच जण रडत होते. मी भाच्याला एकच विचारलं, कांदिवलीत काय जळालं तर तू सकाळी उठून तिथे जाऊन उभा राहशील? त्याला बराच वेळ काही सुचलं नाही. राहायला जायचं गाव निवडताना हा प्रश्न किलोमीटरच्या आधी यायला नको का?

घराच्या भावाबद्दल मला फार बोलायचं नाही. जो घरात शिरायच्या आधी ते केवढ्याला जाईल याचा हिशोब करतो त्यानं बँकेत ठेव ठेवावी. तिला भिंती लागत नाहीत आणि शेजारही लागत नाही.

मुलीच्या शिक्षणाचं भाच्याच्या बायकोनं विचारलं, ते रास्त आहे. मुलगी सहावीत आहे. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८०पासून आहे, शिवाजी विद्यापीठ १९६२पासून. विद्यापीठाच्या कितीतरी आधी शाहू महाराजांनी जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, तेव्हापासून खेड्यातलं पोर शिकायला या शहरात येतंय आणि हे शहर त्याला सामावून घेतंय. पुढच्या कामाचं म्हणाल तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींत ओतकाम आणि यंत्रकाम आहे. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे बसतं. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलन केलं! सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपन्या मात्र इथे नाहीत, आणि मुलीला तेच करायचं असेल तर ती पुण्याला जाईल. नाशिकची मुलं कुठे जातात? तीही पुण्यालाच जातात. सहावीतल्या मुलीच्या दहा वर्षांनंतरच्या नोकरीसाठी आज तिचं अंगण ठरवणार का?

शांतता हवी म्हणून लहान शहरात येणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. कोल्हापूर शांत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की पेठांतली दुकानं ओस पडतात आणि निकाल गल्लीत बसून कळतो. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध देतात, तिथे गर्दी, गप्पा, वाद. गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी मला असह्य होतो. तो बंद व्हायला हवा आणि त्यासाठीच्या निवेदनावर माझी सही आहे. धरणापासूनच्या थेट पाइपलाइनचं पाणी यायला २०२३ उजाडावं लागलं. पंचगंगेत सांडपाणी जातं ते अजून थांबलेलं नाही. नोव्हेंबर २०२०पासून पाच वर्षं महापालिकेत निवडून दिलेला माणूस नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. या सगळ्याबद्दल मी इथे भांडते. डोंबिवलीच्या रस्त्यांबद्दल मी फक्त कुरकुर केली होती. हा फरक मला १७० आणि पावणेचारशेमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की मुंबई नकाशावरून खोडून टाका आणि मग दोन्ही गावांकडे बघा. नाशिकला जाऊन भर पावसात एक महिना भाड्यानं राहा, कोल्हापुरात येऊन एक महिना राहा. मंडईत जा, सरकारी दवाखान्यात जाऊन बसा, शाळेच्या फाटकाशी सुटायच्या वेळी उभे राहा, गल्लीतल्या म्हातारीला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. मग जे गाव मुंबई हजार किलोमीटरवर असती तरी हवंसं वाटलं असतं, तिथे घर घ्या आणि पहिल्या महिन्यात मतदार यादीतलं नाव हलवा. नाशिक असेल तर नाशिक. पण ‘हाताशी राहते’ म्हणून घेतलेल्या घरात तुम्ही दहा वर्षं सामान न उघडता राहाल, आणि त्या दहा वर्षांत तुमची मुलं वाढून गेलेली असतील.

परवा भाच्याचा फोन आला. ‘आत्या, कोल्हापूरहून मुंबईला दिवसाची गाडी कुठली गं?’ मी सांगितलं, कोयना. वेळ सांगितली, दादरला किती वाजता पोचते तेही सांगितलं. मग त्याला म्हटलं, ‘कोल्हापूरहून राधानगरीला एसटी किती वाजता सुटते, पन्हाळ्याला कुठून बसायचं, रंकाळ्यावर पोहायला कुणाबरोबर जायचं, हे कधी विचारणारेस?’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग जुलैत मुलीला घेऊन येतो म्हणाला, पंधरा दिवसांसाठी. वरची खोली मी झाडून घेतलीय आणि शेजारच्या काकींनी घागरी धुऊन ठेवल्यात.